आधी मालू जेवेल

शेणवे गावात सकुबाईला न घाबरणारं माणूस शोधायचं तर पाळण्यातच शोधावं लागलं असतं. अंगाने ती काटकुळी, नऊवारीचा काष्टा गुडघ्यापर्यंत खोचलेला, आणि आवाज असा की बांधावरून तिने घरातल्या माणसाला हाक मारली तर मधल्या घरांतली माणसं आधी ओ द्यायची. राग नाकावर. गुरं शेतात शिरली की गुराख्याला, नवरा उशिरा आला की नवऱ्याला, आणि कुणीच हाताशी नसलं की कोंबड्यांना, पण बोलल्याशिवाय तिचा दिवस सरत नसे. मालू या घरात टोकावड्याहून सून म्हणून आली तेव्हा पहिलं वर्ष तिने सासूकडे मान वर करून पाहिलंही नव्हतं. पुढे तिला कळलं की ही बाई बोलते सगळ्यांना, पण दुखवत कुणालाच नाही. तरी धाक राहिला तो राहिलाच.

लग्नात मालू बारीक होती. दुसऱ्या बाळंतपणानंतर तिचं अंग सुटायला लागलं ते थांबेना. दोन हजार आठ साल उजाडलं तोवर तिला विहिरीच्या पायऱ्या चढताना मधे दोनदा बसावं लागत होतं, साखरेच्या आजाराच्या गोळ्या चालू होत्या आणि लावणीला वाकणं तर कधीच बंद झालं होतं. सासू-सून रस्त्याने निघाल्या की पोरं हसायची. बाया म्हणायच्या, सासूच्या वाटणीचंपण सूनच खाते वाटतं. मालू ऐकून घ्यायची आणि घरी येऊन मुकाट कामाला लागायची.

ती खात काय होती, हे मात्र कुणी विचारलं नव्हतं. घरात पहिली पंगत सासरे चंदर, नवरा ज्ञानेश्वर आणि पोरांची. बोंबलाचं कालवण झालं की तुकडे त्या पंगतीला जायचे. अंड्याचं झालं तरी तेच. डाळ वाढताना पळी तळातून फिरायची, म्हणजे घट्ट घट्ट ताटात पडेल. मग दोघी बायका चुलीपाशी बसायच्या, टोपात उरलेल्या रस्स्यात थोडं पाणी घालून तो पुरवायच्या आणि भातावर ओतायच्या. सगळं कमी पडलं तरी भात कधी कमी पडत नसे, आणि जे कमी पडत नसे त्यावरच मालू पोट भरायची. हे कुणी तिला सांगितलेलं नव्हतं. तिच्या आईच्या घरीही असंच होतं आणि सकुबाईही सून झाल्यापासून अशीच जेवत आली होती. एकीच्या अंगाला तो भात लागला, दुसरीच्या लागला नाही, इतकाच काय तो फरक.

शहापूरच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की हे असंच चाललं तर ही बाई फार काढणार नाही. मुंबईच्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात पोट लहान करायचं ऑपरेशन होतं, तिथे त्यांनी चिठ्ठी दिली. ज्ञानेश्वर घाबरला. तो आसनगावला कारखान्यात पाळीला जायचा, तिथल्या चार जणांना विचारून आला, आणि चौघांनी चार गोष्टी सांगून त्याला आणखी घाबरवलं. चांगलं पोट कापून लहान करायचं म्हणजे काय, असं तो म्हणाला. निर्णय घेतला तो सकुबाईने.

"दुपारी ही पडवीत लवंडते तेव्हा तू असतोस काय घरात?" ती मुलाला म्हणाली. "हिचा श्वास मधीच थांबतो. मी कामं सोडून बघत बसते, परत चालू होतो का नाय म्हणून. एक दिवस मी बाजाराला गेलेली असेन, मग? नेऊ या हिला. मी राहीन सोबतीला."

मालूने हे चुलीपाशी बसून ऐकलं. आपण झोपल्यावर सासू आपला श्वास बघत बसते हे तिला माहीत नव्हतं. तिला रडू आलं आणि धुराचं निमित्त करून तिने डोळे पुसले.

ऑपरेशन दुर्बिणीतून झालं, पोटावर बोटाएवढे चारपाच छेद आले. घरी पाठवायच्या आदल्या दिवशी मिताली नावाची मुलगी खाटेशी आली. तिथे खाण्यापिण्याचं बघायचं काम तिच्याकडे होतं. ती कल्याणकडच्या शेतकरी घरातली, त्यामुळे तिचं बोलणं मालूला परकं वाटलं नाही.

"ताई, तुमचं पोट आता एवढ्याशा वाटीएवढं आहे," मिताली म्हणाली. "त्यात भातच भरलात तर दुसऱ्या कशाला जागाच राहणार नाही. आणि पहिले काही आठवडे अंगाला सगळ्यात जास्त गरज प्रोटीनची असते. जखम भरते ती त्याने, आणि वजन उतरताना अंगातली ताकद टिकते तीही त्यानेच. आधी पातळ, मग मऊ कुस्करलेलं, मग हळूहळू साधं. पण काहीही असलं तरी प्रोटीन आधी. डाळीचं कढण, दही, अंडं, मासा. पाणी जेवताना नाही, नंतर. आणि ही पावडर, दुधातून, भरून दोन चमचे, दिवसातून तीनदा."

मालू प्रत्येक वाक्याला मान हलवत होती. सकुबाई तेव्हा खाली औषधं आणायला गेली होती. ती वर आली तेव्हा मितालीचं संपत आलं होतं, आणि तिच्या कानावर पडलं ते एवढंच, की सुरुवातीला सगळं पातळ द्यायचं.

पातळ म्हणजे पेज. आजारी माणसाला पेज, यावर दुसरं मत असलेलं माणूस शेणव्यात अजून जन्माला आलेलं नव्हतं. सकुबाईने घरचे तांदूळ निवडले, मंद आचेवर पेज रटरटत ठेवली, मिठाचा खडा टाकला आणि स्वतः ढवळून, निववून मालूला पाजली. शेजारची भिमी तांब्या भरून पेज घेऊन आली. वरच्या आळीतली जना आली तीही पेजच घेऊन. सगळ्यांची माया त्या पांढऱ्या पेजेतून मालूच्या पोटात जात होती. अंडं, मासळी आणि डाळ यांना तर सकुबाईने मालूच्या जवळ येऊच दिलं नाही, कारण त्याने जखम पिकते हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. पावडरीचा डबा तिने देवापाशी ठेवला. एवढ्या मोठ्या डॉक्टरांचं औषध, ते वाया जाता कामा नये, म्हणून रोज सकाळी अंगाऱ्यासारखी चिमूटभर पाण्यात घालून ती सुनेला द्यायची. त्या हिशेबाने डबा वर्षभर सहज पुरला असता.

मालूला मितालीचा शब्द न् शब्द आठवत होता. पण तो बोलून दाखवायचा कसा? मला अंडं द्या, मला मासा वाढा, असं सासूला म्हणायचं? इतक्या वर्षांत तिने स्वतःसाठी एक तुकडा मागितला नव्हता. ऑपरेशनला ती एका शब्दात तयार झाली होती, पण हे मागणं तिला त्याहून अवघड होतं. आणि समोरची बाई एवढ्या मायेने वाटी तोंडाला लावत असताना ही नको, दुसरं हवं, असं म्हणायला तिची जीभ रेटेना. ती पेज पीत राहिली.

वजन उतरलं आणि सगळे खूश झाले. मग पाय सुजायला लागले. उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी यायची. एक छेद भरेना, त्यातून पाणी येत राहिलं. एक दिवस सकाळी ओट्यावर पाण्याचा हंडा घ्यायला ती वाकली आणि तिथेच कोसळली. हंडा घरंगळत अंगणात गेला. सकुबाई धावली, तिने सुनेचं डोकं मांडीवर घेतलं, आणि त्या दिवशी घराबाहेर कुणाला तिचा आवाज ऐकू आला नाही.

महिन्याची तपासणी जवळ आलीच होती. या वेळी सकुबाई मितालीसमोर सुनेच्या शेजारी बसली.

"ताई, काल जेवणात काय काय होतं?" मितालीने विचारलं.

"डाळ होती," मालू म्हणाली. "बोंबलाचं कालवण होतं. सकाळी अंड्याची पोळी."

मिताली रक्ताच्या कागदाकडे बघत राहिली. "हे सगळं खाताय तर रक्तात प्रोटीन का दिसत नाही? पायांची सूज ते कमी पडल्यानेच आलीय. ताई, बाहेरून मिळालं नाही की शरीर स्वतःचे स्नायू खातं. हृदयसुद्धा स्नायूच असतं. अजून पंधरा दिवस बघू. तेव्हाही असंच असलं तर तुम्हाला परत भरती करून नळीने द्यावं लागेल, आणि तेव्हा काय होईल ते मी आज सांगू शकत नाही."

मालू खाली मान घालून बसली. तिने खोटं सांगितलं नव्हतं. घरी काय शिजलं ते तिने सांगितलं होतं, कारण कुणी जेवणाचं विचारलं की घराचं सांगायचं असतं. आपल्या ताटाचं वेगळं सांगायचं असतं हे तिला सुचलंच नव्हतं. आणि सुचलं असतं तरी सासूसमोर तिने सांगितलं नसतं. घराची अब्रू जाते असल्या बोलण्याने.

सकुबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. मग ते सोडून ती म्हणाली, "बाय, हे सगळं शिजलं आमच्या घरात. पण हिच्या ताटात नाय आलं."

"मग यांच्या ताटात काय आलं, आजी?"

"पेज. मीच दिली, माझ्या हातानं. आणि ही धडधाकट होती तवा पण हिच्या ताटात नाय आलं. आमच्यात बायकांच्या ताटात तुकडा येत नाय."

मालूला वाटलं, धरणीने पोटात घ्यावं. गावभर जिच्या शब्दाला धार होती ती बाई एका पोरीसमोर बसून स्वतःच्या घरातलं उघडं करत होती, आणि तेही कुणी विचारलेलं नसताना. मितालीने तिला एका शब्दाने दोष दिला नाही. पेज वाईट नाही पण ती या वेळची नाही, हे तिने नीट समजावलं. डाळीने, अंड्याने जखम पिकत नाही, उलट भरते, हे सांगितलं. डबा चिमटीने नाही, चमच्याने संपवायचा, हेही. सकुबाईने सगळं दोनदोनदा विचारून घेतलं. उठता उठता मितालीने सहज विचारलं, "आणि आजी, तुम्ही स्वतः काय जेवता?"

"माझं काय घेऊन बसलीस," सकुबाई म्हणाली आणि सुनेचा हात धरून तिला उठवू लागली.

शहापूरला येऊन दोघी शेणव्याच्या एसटीत बसल्या. निम्मा रस्ता सकुबाई बाहेर बघत होती. मग खिडकीकडे तोंड करूनच तिने विचारलं, "तुला सगळं सांगितलेलं त्या पोरीनं. आठवत होतं ना?"

"होतं."

"मग बोलली का नायस?"

"कसं बोलू, आत्या?" मालू म्हणाली. "माझ्यासाठी मासा मागू?"

बाहेर शेतांत लावणी चालू होती, बाया ओळीने वाकलेल्या होत्या. सकुबाई त्यांच्याकडे बघत राहिली. मग ती म्हणाली, "मी पण नाय मागितला कधी."

त्या संध्याकाळी तिने फर्मान काढलं. आजपासून या घरात आधी मालू जेवेल, तिचं उरकल्यावर बाकीचे. चंदरला वाटलं बायको थट्टा करतेय. पण ताटं मांडायच्या वेळी चुलीपाशी एकच पाट मांडला गेला. त्यावर मालू, समोर वाटीत एक उकडलेलं अंडं दह्यात कुस्करलेलं, आणि पुरुष माणसं, पोरं पडवीत.

मालूला घास गिळवेना. बाहेर सासरे उपाशी बसलेत, दिवसभर चिखलात राबून आलेत, आणि आपण इथे पाटावर. तिने डोकं आणखी झाकून घेतलं आणि त्यांची सुटका करावी म्हणून भराभरा चार घास कोंबले. ते चिमुकलं पोट तेवढ्यानेच उलटलं. सगळं बाहेर आलं. ती मोरीपाशी बसून रडायला लागली. "मला नाय जमत, आत्या. त्यांना वाढा आधी. मी नंतर खाईन काय ते."

सकुबाईने तिचं तोंड पुसलं. दुसरं अंडं उकडायला टाकलं. मग तांदूळ निवडायचं सूप घेतलं आणि स्वयंपाकघराच्या दारात, बरोबर उंबऱ्यावर, मालूकडे पाठ करून बसली. त्या दारातून आत यायला आता मांजरालाही वाट नव्हती. मालूला कुणी बघू शकत नव्हतं, सासूसुद्धा.

"घास लहान घे," ती न वळता म्हणाली. "चाव. घाई कोणालाच नाय."

"आम्हाला आहे," पडवीतून चंदर म्हणाला. "भूक लागलीय."

"थांबा," सकुबाई म्हणाली. "मी लग्न झाल्यापासनं थांबतेय. तुमी एक अंडं संपेपर्यंत थांबा."

चंदर परत भिंतीला टेकून बसला. तो वाईट माणूस नव्हता. त्याने आयुष्यात कधी टोपात डोकावून पाहिलं नव्हतं, एवढंच. सकुबाई खडे निवडता निवडता बोलत राहिली, गुरांचं, बांधाचं, भिमीच्या मोडक्या कुंपणाचं, आणि पुरुषांना उत्तरं द्यायला लावत राहिली, म्हणजे ते वाट बघतायत असं वाटू नये. ती पाठ बघत मालूने अर्ध्या तासात एक अंडं संपवलं, आणि ते पोटात राहिलं.

पुढे रोज हेच. लावणीच्या दिवसांत माणूस मिळत नाही, एकेका हाताची किंमत असते. पण सकुबाई मालूच्या खाण्याच्या वेळा झाल्या की शेतातून चिखलाच्या पायांनी घरी यायची, उंबऱ्यावर बसायची आणि मालूचं झालं की परत जायची. अंडी विकणं तिने बंद केलं. मुगाचं कढण, हुलग्यांचं कढण, ताक, दुधात भरून दोन चमचे पावडर. आणि चिंबोऱ्या. शेतातल्या, ओहोळातल्या त्या लहान खेकड्यांच्या बिळांत हात घालायला जवान पोरंही बिचकतात, कारण नांगी लागली की बोट सुजतं. सकुबाई दुपारच्या सुट्टीत ओहोळात उतरायची आणि टोपलीभर घेऊन यायची. त्या स्वच्छ करून पाट्यावर वाटायची, फडक्यातून पिळून गाळायची, आणि त्याचं तिखट न घातलेलं सार उकळायची. वर मऊ मऊ गोळा जमून यायचा. मालूने पहिली वाटी चमच्या-चमच्याने घेतली. हे सार ती गेली पंधरा वर्षं दर पावसाळ्यात करत आली होती. तो गोळा मात्र तिने आज पहिल्यांदा खाल्ला.

गाव काही गप्प बसलं नाही. सुनेला अंडी आणि म्हातारा उपाशी, म्हणून कुजबुज झाली. आणि मालूचं अंग उतरतंय हे दिसत होतं, म्हणून सासू तिला उपाशी मारते असंही त्याच तोंडांनी म्हटलं. भिमीने हे सकुबाईच्या कानावर घातलं. सकुबाई म्हणाली, "दोन्हीतलं एक काय ते ठरवा म्हणावं, मग मी भांडायला येते." ओहोळाच्या पाण्याने तिची बोटं फुटली होती आणि एकाला नांगी लागून पिवळं पडलं होतं, पण त्याबद्दल ती कुणाशी बोलली नाही. मालूने ते बोट पाहिलं होतं. वाटी संपवताना कधी कंटाळा आला की तिला ते बोट आठवायचं आणि ती पुढचा चमचा उचलायची.

पंधरा दिवसांनी मितालीने रक्ताचा कागद पाहिला आणि तो उलटा करून त्या दोघींसमोर ठेवला, जणू त्यांना वाचता येणार होता. "चढलंय," ती म्हणाली. "भरती नको. असंच चालू ठेवा." सूज उतरली होती, छेद कोरडा झाला होता. सकुबाईने हात जोडले, कुणाला ते तिचं तिलाच माहीत, आणि बाहेर येऊन बाकावर बसून पदरात तोंड घालून रडली. मालू तिच्या शेजारी बसून राहिली. सासूला रडताना ती पहिल्यांदा बघत होती.

घरी आल्यावर संध्याकाळी मालू म्हणाली, "आज चूल मी बघते." सकुबाईने थोडी कुरकुर केली, पण ती दमली होती. मालूने चिंबोऱ्या केल्या, मोठ्या चिंबोऱ्यांच्या नांग्या अख्ख्या ठेवल्या. आधी तिने स्वतःची वाटी घेतली, शांतपणे, घाई न करता. उंबऱ्यावर सासूची पाठ होती. मग तिने पाट पुसला, दुसरं ताट घेतलं, त्यात सार, वरचा गोळा, सगळ्यात मोठ्या दोन नांग्या आणि जरासा भात वाढला.

"आत्या, बसा."

सकुबाईने वळून पाहिलं. "ह्यांचं व्हायचंय अजून."

मालूने सासूच्या हातातलं सूप काढून घेतलं, तिला दंडाला धरून उठवलं, पाटावर बसवलं, आणि स्वतः जाऊन उंबऱ्यावर बसली, आत पाठ करून. आता तिला पूर्वीएवढी जागा लागत नव्हती, पण दार भरायला ती पुरेशी होती.

पडवीत चंदर उठून उभा राहिला होता. "मालू, तुझं झालं ना पोरी? मग आता कोण जेवतंय?"

इतक्या वर्षांत मालू सासऱ्यांशी नीट मान वर करून बोलली नव्हती. "आत्या जेवतात, मामा," ती म्हणाली. "थांबा जरा."

चंदर तसाच उभा राहिला. मग सावकाश परत खाली बसला.

मालू तांदूळ निवडत राहिली, वळली नाही. मग मागे नांगी फुटल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने दुसरी. मग सकुबाईचा आवाज आला, नेहमीचाच, पण थोडा घोगरा.

"मालू, मीठ कमी झालंय गो."

सगळ्यांचं झाल्यावर जेवणाऱ्या बाईला हे कधी बोलता येत नसे, तेव्हा ते बोलून उपयोगच नसायचा. मालूने न वळता हात मागे केला आणि उंबऱ्याशेजारचा मिठाचा डबा पाटाकडे सरकवला.